टिपण अडचणीच्या नावाने लिहा

रोजच्या कामाला लागणाऱ्या टिपणांबद्दल बोला, असं मला सांगितलंय. कमांडची यादी काही मी वाचून दाखवणार नाही. ती मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या मदतपानात, आहेच, आणि हल्ली एआय असिस्टंटला विचारलं की तोही घडाघडा सांगतो. पण कमांड आठवली नाही म्हणून आपण फार वेळ अडत नाही; समोर जे दिसतंय त्याचा अर्थ लागला नाही की अडतो. म्हणून माझ्या फाइलमधली शीर्षकं ‘गिट’, ‘क्रॉन’, ‘डॉकर’ अशी साधनांच्या नावांची नसून ‘कमिट गायब’, ‘जॉब भलत्याच दिवशी चालला’, ‘कंटेनर १३७ देऊन मेला’ अशी आहेत. घाईच्या वेळी माणूस हेच शब्द शोधतो.

‘कमिट गायब’ घ्या. गिट कोडमधले बदल जपतं; जपून ठेवलेली प्रत्येक नोंद म्हणजे कमिट. कुणीतरी ‘रीसेट हार्ड’ मारून कोड जुन्या कमिटवर नेला आणि दुपारभरचं काम दिसेनासं झालं. उपाय एका ओळीचा आहे: ‘गिट रीफ्लॉग’ (आपण कुठकुठल्या कमिटवर होतो याची नोंदवही) बघा, जुना हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण, उचला, त्यावर ब्रँच, म्हणजे कामाची शाखा, काढा. पण टिपणाची खरी किंमत त्याखालच्या ओळींत आहे. रीफ्लॉग फक्त आपल्या मशीनवर असतो, पुश (काम सर्व्हरवर पाठवणं) किंवा क्लोन (सगळ्याची प्रत घेणं) केलं तरी तो बरोबर जात नाही. नोंदी डिफॉल्टने ९० दिवस राहतात, पण ज्या कमिटपर्यंत आता कुठल्याच ब्रँचवरून पोचता येत नाही त्यांच्या ३० दिवसच. आणि आपल्याला हव्या असतात नेमक्या त्याच. शिवाय जे कमिटच केलं नव्हतं ते रीफ्लॉगमध्ये सापडणार नाही. निदान ‘गिट ॲड’ करून फाइल कमिटसाठी तयार ठेवली असेल तर गिटच्या ‘एफएससीके’ या तपासणीच्या कमांडला ‘लॉस्ट फाउंड’ पर्याय देऊन मजकूर हाती लागू शकतो, फाइलच्या नावाशिवाय. तेही केलं नसेल तर गिटकडे काहीच नाही. एडिटरची लोकल हिस्ट्री बघायची.

आता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला रिपोर्ट जायला हवा, म्हणून कुणी लिहितं: ० ९ १-७ * १. रकाने क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. वाचायला अगदी बरोबर वाटतं! पण तारीख आणि वार, दोन्ही रकान्यांत बंधन घातलं की क्रॉन त्यांना ‘आणि’ने जोडत नाही, ‘किंवा’ने जोडतो. म्हणजे एक ते सात तारखेला रोज, वर दर सोमवारी. नियम मॅन पेजमध्ये स्वच्छ लिहिलाय, पण तिथे कोण जातं? वाराची तपासणी स्क्रिप्टमध्ये करा. ती क्रॉनच्याच ओळीत ‘डेट’ कमांड वापरून केलीत, तर तिच्यातल्या टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो. नाहीतर क्रॉन तिथे ओळ तोडतो आणि पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून देतो.

कंटेनर म्हणजे डॉकर प्रोग्राम चालवतो ती बंदिस्त जागा, आणि १३७ हा प्रोग्राम बंद पडताना मागे ठेवतो तो आकडा. त्याची गंमत छोटी आहे. १२८ वजा करा, उरतो ९, म्हणजे प्रोग्राम सक्तीने मारणारा किल सिग्नल. कंटेनरमध्ये असं दिसलं की आधी मेमरीची मर्यादा तपासा. १४३ आला तर उरतात १५: कुणीतरी रीतसर थांबायला सांगितलं होतं, बहुतेक डिप्लॉयने, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना. वेब सर्व्हर देतो त्या ४०१ आणि ४०३ या एररचंही एका ओळीत भागतं: पहिल्यात ओळख पटलेली नाही, दुसऱ्यात परवानगी नाही.

टिपणावर तारीख आणि व्हर्जन घाला. ‘गिट स्विच’ आणि ‘गिट रीस्टोअर’ २०१९मध्ये आले. त्याआधीची टिपणं ब्रँच बदलणं आणि फाइल पूर्ववत करणं, दोन्ही ‘चेकआउट’ या जुन्या कमांडवरच भागवतात. ती चुकीची नाहीत, पण टीममधल्या नव्या मुलीला दोन्ही रूपं दिसली की ती गोंधळणारच.

पासवर्ड आणि टोकन टिपणात नकोतच, ते कुठे ठेवलेत एवढंच लिहा. आणि पुसून टाकणाऱ्या कमांड तयार ठेवू नका. डेटाबेसमधल्या नोंदी उडवायची ओळ असेल तर टेबलाच्या नावाच्या जागी तीन प्रश्नचिन्हं ठेवा, आणि तिच्या वर त्याच अटीची मोजणीची क्वेरी लिहा. न वाचता पेस्ट केली तर सिंटॅक्स एरर येईल, नोंदी जागच्या जागी राहतील.