लातूरची गाडी, कोकणचा खारा वारा

(दृश्य: लातूर. पत्र्याच्या शेडमध्ये उभी ट्रॅव्हलर. सीटा काढलेल्या, आतला पत्रा उघडा.)

या गाडीचं फिरतं घर करून कोकणात न्यायचं, तर सुताराला माप घ्यायला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन यायचं. सीटा काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला बदल आहे. परवानगी नाही, आरसीवर नोंद नाही, तर दंड होतोच; शिवाय अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, आणि ते दंडापेक्षा कितीतरी महागात पडतं. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. काम ज्याला द्यायचं त्याला ते ठाऊक आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारावं.

आता लाकूडकाम. लातूरच्या कोरड्या हवेत कपाटाची दारं अगदी चपखल बसतात, आणि रत्नागिरीत दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. दमट हवेत प्लायच्या उघड्या कडा ओल पितात आणि फुगतात. म्हणून दाराभोवती ३ मिलिमीटर फट सोडायची, प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा घ्यायचा आणि कापलेली प्रत्येक कड, स्क्रूच्या भोकासकट, सीलरने बंद करायची. जाडी १२ मिलिमीटर पुरते. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक ताव ३५ किलोच्या आसपास भरतो. असे पाच ताव वापरले तर दोनअडीच माणसांचं वजन नुसत्या फर्निचरचं झालं.

(दृश्य: मोंढ्याजवळचा वजनकाटा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर.)

वजनाचा अंदाज बांधू नका, काट्यावर जा. सोयाबीन आणि उसाच्या मुलखात काटा शोधावा लागत नाही. टाकी भरून, माणसं बसवून, सामान लादून तीनदा वजन करायचं: पुढचा आस, मागचा आस आणि अख्खी गाडी. तिन्ही आकडे गाडीवरच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनमर्यादेशी ताडून पाहायचे. मागचा आस मर्यादेबाहेर निघाला, तर बहुतेक वेळा टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवलेली असते. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. तिथे ते लटकवलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि वळणावर स्टिअरिंग सैल लागतं. टाकी दोन्ही आसांच्या मध्ये, जमिनीलगत हवी, आणि आत आडवे पडदे हवेत. ते नसतील तर घाटात अर्धी टाकी घेऊन उतरू नये. ब्रेक लावला की सगळं पाणी पुढे धावतं.

पाणी पुरवून कसं वापरावं हे मराठवाड्याला सांगायला नको. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि लातूर-रत्नागिरी रस्ता त्याच मिरजेवरून जातो. चार माणसांना ८० लिटर दीड दिवस जातं, तेही भांडी आधी पुसून मग धुतली तर. फक्त बोअरचं जड पाणी टाकीत भरू नका. क्षार पंपाच्या पडद्यांवर बसतात, पंप घरघरतो पण नळाला धार येत नाही. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावा आणि तो हाताला येईल अशा जागी लावा.

विजेचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॉट-तास. ५० लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज उकाड्यात दिवसाला ५०० ते ६०० खातो. २५ वॉटचे दोन पंखे रात्रभर चालले की आणखी ५००. दिवे आणि मोबाइल १०० धरा. बॅटरी एका दिवसात तळाला गेली. टपावर २०० वॉटचं सोलर पॅनल आहे, उघड्यावर ते दिवसाला ८०० च्या आसपास देतं. पण कोकणात मुक्काम माडाच्या सावलीत असतो आणि तिथे त्यातलं जेमतेम पावपट मिळतं. शिवाय थेट माडाखाली गाडी लावायचीच नाही. एक नारळ पॅनल फोडायला पुरे.

खरा भरवसा चालत्या इंजिनावर. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनावरच्या अल्टरनेटरची (वीज बनवणाऱ्या यंत्राची) वीज मोजून बॅटरीला देणारा चार्जर, बसवला तर रिकामी बॅटरी साडेतीन-चार तासांच्या प्रवासात भरते. तो वगळून लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका; ती ओढेल तेवढा करंट घेते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात बसवा. फ्यूज लांब असला आणि मधली वायर पत्र्याला घासली, तर तो उडतच नाही, वायर पेटते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या बंद कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद.

(दृश्य: कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं मलकापूर मागे पडलं. आंबा घाट, खाली साखरप्याकडची दरी.)

रिकाम्या गाडीवर हात बसलेल्या चालकाला हा उतार फसवतो. उतरण सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्यायचा, ज्यात ती चढली असती तोच. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा, पाय ठेवून राहायचं नाही. जळका वास आला, पेडल मऊ लागलं, तर रुंद जागा पाहून थांबा, चाकांना ओंडका लावा आणि अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. दोन वर्षं झाली असतील तर निघण्यापूर्वीच बदला.

(दृश्य: आरे-वारेचा रस्ता, डाव्या हाताला समुद्र.)

रत्नागिरीहून उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड आणि जयगड. पुढे खाडी. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा चार फेरीबोटी घेतल्या की मुरुड-जंजिऱ्यापर्यंत किनारा सुटत नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि लांब शेपटाची गाडी मागे घासते. बोटीवरच्या माणसाचा हात पाहत, पहिल्या गिअरमध्ये, किंचित तिरकी चढवा.

वाळूत गाडी घालू नका. काळ्या रानात पावसाळ्यात रुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने निघते. इथे सहा तासांत पाणी येतं. भरतीची वेळ कळायला कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ च्या सुमारास, पुनवेला सव्वाअकरा-बाराला. दुसरी भरती साडेबारा तासांनी. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्या बरंच वर चढतं. हा ठोकताळा आहे. मुक्कामाची जागा ठरवताना त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहाच.

मुक्काम घरगुती निवासाच्या अंगणात, विचारून. प्लग मिळतो, विहिरीचं गोडं पाणी मिळतं. वाडीतला रस्ता मात्र आधी पायी चालून बघा. दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, असतात आणि आत शिरल्यावर वळायला जागा नसते. फेब्रुवारी ते एप्रिल वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी उबतात. पिल्लं उजेडाकडे चालतात, म्हणून गाडीचा एकही दिवा रात्री किनाऱ्याच्या दिशेला लागता कामा नये. ओट्याचं साबणपाणीही तिथे सोडायचं नाही. त्याची टाकी वेगळी हवी.

(दृश्य: लातूर. वॉशिंग सेंटरचा रॅम्प, गाडीचं पोट.)

परत आल्यावर चमक नंतर, पोट आधी. चासीचे कोपरे, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधल्या सांदी, ब्रेकचे पाइप गोड्या पाण्याने धुवून काढा. मीठ तिथेच बसतं आणि महिन्याभरात तांबारा दिसतो. बॅटरीच्या टोकांवरची हिरवट बुरशी घासून व्हॅसलिन लावा. एप्रिल-मेमध्ये गाडी उभीच राहणार असेल तर लिथियम बॅटरी निम्मी भरलेली ठेवून बाहेर काढा आणि घरात सावलीत ठेवा. लातूरच्या उन्हात बंद गाडी ६० अंशांच्या जवळ तापते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी त्या उष्णतेत सगळ्यात लवकर म्हातारी होते.