गाडीचा शृंगार आणि विम्याचा हप्ता

(निवृत्त मोटार-विमा सर्व्हेअरनं नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पंखा जरा कमी करता का, माझे कागद उडून राहिले. नको, असू द्या. एप्रिल आहे, कागद उडाले तर उडाले, तुम्ही उठून जाऊ नका.

विषय फळ्यावर लिहिलाच आहे: गाडीत बदल केले की हप्ता किती वाढतो. आकडे सांगतो, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐका. अठ्ठावीस वर्षं मी विम्यासाठी नुकसान तपासायला चेपलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या पाहिल्या. माणूस नवी चाकं लावतो ना, ती शेजाऱ्याला दाखवतो, सासऱ्याला दाखवतो, संध्याकाळी फुटाळा तलावावर नेऊन अनोळखी पोरांनाही दाखवतो. लपवतो फक्त विमा कंपनीपासून. काहून? तर म्हणे हप्ता वाढते!

बुडालेल्या म्हटलं म्हणून आठवलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा लोकांनी इंजिनात पाणी असताना गाड्या सुरू करून पाहिल्या होत्या. साध्या पॉलिसीत त्या इंजिनाची भरपाई बसत नाही. पण तो विषय वेगळा, त्यात शिरलो तर तुमचा चहा थंड होईल.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. परवानगीनं सांगतोय. म्हणजे त्याची नाही, त्याच्या आईची.

यानं घेतली सेकंडहँड पेट्रोल गाडी. पॉलिसीत किंमत चार लाख. पहिल्यांदा सीएनजी किट बसवलं, ओळखीच्या मेकॅनिककडून, स्वस्तात. डिकी सिलिंडरनं खाल्ली, म्हणून अॅम्प्लिफायर गेला मागच्या सीटखाली. गाणं सुरू झालं की आधी काचा थरथरत, मग शेजारचे जोशी. मी विचारलं, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, सीएनजी चढवलं का बाबू? म्हणे, "मामा, पाहू ना पुढच्या महिन्यात." असे नऊ पुढचे महिने झाले.

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, अमरावती रोडला वाडीच्या पुढे गाडीतून धूर. पोरं उड्या मारून बाहेर पडली, सगळी सुखरूप. सिलिंडरही फुटला नाही, देवाची कृपा. गाडीचा मात्र कोळसा. रात्री फोन आला.

"मामा, गाडी जळाली."

"तू?"

"मी बरा आहे."

"मग झोप."

"मामा, सर्व्हे तुम्हीच करून टाका ना!"

आता नातलगाच्या गाडीचा सर्व्हे करणं आमच्या धंद्यात बसत नाही. दुसरा सर्व्हेअर आला, तिशीतला पोरगा. मी फक्त मामा म्हणून बाजूला उभा. तो टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसला आणि राखेतून एक वायर हलकेच ओढून काढली. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत गेलेली ती मोठी वायर पुढच्या सीटच्या रुळावरून नेली होती. सीट मागेपुढे झाली की वेष्टण घासायचं. घासलं तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा तांब्याचा मणी तयार झाला होता, गोल, चकचकीत. शॉर्ट झाल्याची ही खूण. नुसत्या बाहेरच्या आगीत तांबं सहसा असं गोळा होत नाही. मग त्यानं बॅटरीजवळचा फ्यूज पाहिला. फ्यूज नव्हताच! सारखा उडतो म्हणून भाच्यानं त्या जागी तांब्याच्या तारेचा वेढा मारला होता. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

कंपनीनं आरसी मागितली. त्यावर सीएनजी नाही, पॉलिसीत सीएनजी नाही, अॅम्प्लिफायरही नाही. क्लेम नामंजूर. बहीण त्या वर्षी राखी बांधायला आली, पण पेढ्यांचा डबा आणला नाही. "तुह्या ओळखी काय कामाच्या?" हे मात्र ताटासमोर बसवून ऐकवलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पहा, मुख्य विषय राहूनच गेला.

पटापट सांगतो. पॉलिसीचे दोन भाग. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर; त्याचा दर सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात खासगी गाडीला १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६. चाकांनी, गाण्यांनी तो हलत नाही. सीएनजी असेल तर त्यात ६० रुपये. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. हे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात, पण जुन्या टॅरिफचा, म्हणजे तेव्हाच्या ठरीव दरपत्रकाचा, वस्तूच्या किमतीवर ४ टक्क्यांचा हिशेब अजून बहुतेक ठिकाणी चालतो. किट ५०,००० चं, त्याचे २०००. अॅम्प्लिफायर-स्पीकर ३०,००० चे, त्याचे १२००. वर ते ६०. झाले ३२६०, जीएसटी वेगळा. भाच्यानं एवढेच वाचवले.

अलॉय चाकं, सीट कव्हर अशा बिनविजेच्या वस्तूंची किंमत गाडीच्या किमतीत मिळवतात आणि गाडीच्याच दरानं हप्ता लावतात. बिल लागतं जी, बिल! आणि घसाराही धरतात: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के.

हप्ता कमीही होतो. अपंग व्यक्तीसाठी गाडीत खास बदल केले असतील तर नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं मान्य केलेल्या चोरीरोधक यंत्राला अडीच टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये.

काही बदलांना मात्र हप्ता भरूनही सोय नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. बुलबार, म्हणजे गाडीपुढचा लोखंडी कठडा, तोही चालत नाही; त्याबद्दल केंद्राचं पत्र डिसेंबर २०१७ चं. मालकाला दर फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलायचा, इंजिन बदलायचं, तर आधी आरटीओ. सीएनजी आधी आरसीवर, मग ती आरसी दाखवून पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद. एजंटला तोंडी सांगितलं, हे धरत नाहीत. कागद हातात घ्या.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि हो, खाली गेटसमोर बुलबारवाली पांढरी गाडी कोणाची आहे? आधी ती काढा, अध्यक्षांची गाडी अडकून राहिली.