चिकटपट्टीच्या दोन बाजू

(दृश्य: रिकामं टेबल. मधोमध निळ्या चिकटपट्टीची रेघ. कोपऱ्यात बंद मॉनिटर.)

या टेबलावर गेम खेळण्यासाठीचा कॉम्प्युटर जोडायचा आहे. पहिलाच आहे, घरीच जोडायचा आहे आणि पैसे मोजके आहेत. मधली पट्टी मुद्दाम लावली आहे. दोन वर्षांनी सहज उपटून बदलता येतील असे भाग डावीकडे ठेवायचे. जे बदलायला गेलं की शेजारच्यालाही सोबत घेऊन जातात, ते उजवीकडे. पैसे कुठे वाचवायचे याचं निम्मं उत्तर या रेघेतच मिळतं.

सुरुवात मात्र मॉनिटरपासून करायची. पेटीतल्या भागांना किती राबावं लागणार, हे तोच ठरवतो.

१०८०पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २०,७३,६००. १४४०पीला ते ३६,८६,४०० होतात. ४के पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. आणि हे सगळे ठिपके सेकंदाला कित्येकदा नव्याने रंगवायचे असतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरशी जुळवून घ्यायचं तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला जेमतेम ७. मोजक्या पैशांत १०८०पी आणि १४४ हर्ट्झ ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ४के मॉनिटर स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा मोह होतो, पण हत्ती फुकट मिळाला तरी चारा विकतच आणावा लागतो.

(दृश्य: ग्राफिक्स कार्ड डाव्या बाजूला ठेवलं जातं.)

हा चारा हे ठिपके रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पोटात जातो. पेटीसाठी ठेवलेल्या शंभरातले पस्तीस-चाळीस इथे गेले तरी हात आखडू नये. तरीही कार्ड डावीकडेच ठेवलंय, कारण एक-दोन स्क्रू आणि एक खटका सोडवला की ते बाहेर येतं.

कार्ड निवडताना नावावर जाऊ नका. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे एकच नाव ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन कार्डांना मिळालं. फरक फक्त मेमरीचा वाटायचा, पण ३ जीबीवाल्यात कोर, म्हणजे हिशेब करणारे भागही कमी होते: १२८० ऐवजी ११५२. त्याहून बोलकं उदाहरण २०२२ च्या जानेवारीतलं. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड कमी बजेटवाल्यांसाठीच आलं. मेमरी ४ जीबी, आणि मदरबोर्डशी, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात त्या पाटीशी, बोलायला पीसीआयई नावाच्या रस्त्याच्या चारच लेन. पीसीआयईच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावून नेतं. पण पैसे वाचवणाऱ्याकडे बोर्ड बहुधा जुना, तिसऱ्या पिढीचा. तिथे त्याच चार लेनचा वेग निम्मा होतो. कार्डावरची मेमरी भरली की उरलेला माल याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि खेळ ऐन मोक्याला अडखळतो. सेकंदाला सरासरी किती फ्रेम (चित्रं) निघतात तो आकडा बरा दिसतो, हाताला मात्र धक्के जाणवतात. म्हणून आज नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली मी उतरणार नाही.

(दृश्य: मदरबोर्ड उजव्या बाजूला. कॅमेरा सॉकेटवर स्थिरावतो.)

उजवीकडचा खरा मानकरी हा. प्रोसेसर कुठल्या घराण्यातला आणि रॅम कुठल्या पिढीची, दोन्ही याच्या सॉकेटबरोबर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेबरोबर ठरून जातं. एएमडी या प्रोसेसर कंपनीचं एएम४ सॉकेट बघा. २०१७ मध्ये पहिला रायझन प्रोसेसर त्यावर बसला आणि २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डीही त्यातच बसला. बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून कित्येकांनी जुन्या बोर्डावर तो चालवला. ना बोर्ड बदलावा लागला, ना रॅम. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटने प्रोसेसरच्या बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या सांभाळल्या आणि २०२४ मध्ये सॉकेट बदललं. एएमडीचं पुढचं सॉकेट एएम५ २०२२ मध्ये आलं, त्याला फक्त डीडीआर५ रॅम चालते.

म्हणजे पेच असा: एएम४ आज स्वस्तात पडतं, पण तो रस्ता संपत आलाय. एएम५ला सुरुवातीला जास्त मोजावे लागतात, पण पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसण्याची आशा राहते. पाच वर्षं पेटी उघडणारच नसाल तर एएम४ घ्या, बिनधास्त. हात शिवशिवणारे असतील तर एएम५. प्रोसेसर सहा कोरचा पुरे. आठ कोरच्या हौसेपायी कार्ड एक पायरी खाली आणू नका.

रॅम डावीकडे. १६ जीबी हवी तर एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. बहुतेक बोर्डांवर त्या सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. गेम साठवणारी डिस्क, म्हणजे एसएसडीही डावीकडेच, फक्त एक गफलत टाळा. एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नव्हे. त्याच आकारात साटा या जुन्या जोडणीची एसएसडीही मिळते, जी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते. एनव्हीएमई जोडणीची तिच्या कितीतरी पुढे जाते.

(दृश्य: पॉवर सप्लाय. केबल्सची गुंडाळी उलगडते.)

याच्यामुळे फ्रेम वाढत नाहीत, म्हणून यादीत पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड यावरच पडते. उजवीकडच्या भागांत सगळ्यात जपून घ्यायचा तो हाच, कारण हा दगावला तर एकटा जाईलच असं नाही.

हिशेब सोपा आहे. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या एका जोडणीतून १५०. कार्ड दोनशेचं, प्रोसेसर शंभराच्या आसपास, बाकी पंखे-डिस्क मिळून पन्नास धरले तर झाले साडेतीनशे. पण कार्ड क्षणभर उसळी मारतं, त्याला जागा हवी. चांगला ५५० किंवा ६५० वॉटचा घ्या. डब्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ वाचून हुरळू नका. ८० प्लस हे मानांकन वीज किती वाया जाते एवढंच सांगतं. आत सुरक्षेचं सर्किट कसं आहे, यावर ते गप्प असतं. आणि जुन्या सप्लायच्या सुट्या केबल्स नव्याला कधीही लावू नका. टोक बरोबर बसेल, पण सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो. बारा व्होल्ट भलत्याच तारेत गेले की डिस्क तिथेच संपते.

कॅबिनेट शेवटी. कुणाचाही बोर्ड कुणाच्याही पेटीत बसतो तो १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स या मापामुळे. समोर जाळी असलेलं घ्या. समोर काच असलेलं दिसतं छान, पण वारा कुठून येणार?

(दृश्य: जोडलेली पेटी. बटण दाबलं जातं. पंखे फिरतात, पडदा काळा.)

घाबरू नका. डीडीआर५ असेल तर बोर्ड पहिल्यांदा रॅमशी ओळख करून घेत असतो. कधी कधी काही मिनिटं जातात; या वेळात घाईघाईने बटण दाबणारे बरेच.

दहा मिनिटांनीही काळाच असेल तर मागे वाका आणि मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. माझी पहिल्या वेळी मदरबोर्डाच्या तोंडात होती आणि माझ्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ होतं, म्हणजे त्यात ग्राफिक्सच नव्हतं. अर्धा दिवस मी रॅम काढत-घालत बसलो होतो. केबल काढा, खाली ग्राफिक्स कार्डाला लावा.

आला पडदा. आता बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील. मग डिस्प्लेचं सेटिंग उघडा.

(दृश्य: पडद्यावर आकडा, ६०. माउसचा बाण खाली सरकतो, १४४ वर थांबतो. क्लिक.)