टिपुताच्या दारात

दक्षिण प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात तुआमोटू नावाचा प्रवाळबेटांचा समूह आहे. इथे नारळाच्या झाडांहून उंच असे जवळजवळ काहीच नसल्यामुळे, बेट नजरेस पडते तेव्हा ते बऱ्यापैकी जवळ आलेले असते. १७२२ मध्ये डच दर्यावर्दी रोगेव्हेन याच्या ताफ्यातले एक जहाज याच समूहातल्या टाकापोटो बेटाच्या प्रवाळावर आदळून फुटले. पुढे १७६८ मध्ये बूगँव्हिल याने या बेटांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ असे नाव दिले, आणि ते मुळीच अवास्तव नव्हते.

आपली शिडाची बोट याच समूहातल्या रांगिरोआ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, टिपुता खिंडीबाहेर, म्हणजे प्रवाळाच्या कड्यातल्या एका पाणवाटेबाहेर, थांबली आहे. समोर प्रवाळाचे कडे, आणि त्याच्या पलीकडे सुमारे ८० किलोमीटर लांबीचे शांत लगून, म्हणजे कड्याने वेढलेले समुद्राच्या पाण्याचे सरोवर. बोटींना आत जाण्याचे मार्ग दोनच, अवातोरू आणि टिपुता.

भरती-ओहोटीचा फरक इथे एक मीटरही भरत नाही, तरी खिंडीतला प्रवाह सहा नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटरच्या, पुढे जाऊ शकतो. याचे कारण भरतीपेक्षा दक्षिणेच्या लाटांमध्ये शोधावे लागते. त्या सखल कड्यावरून उसळून लगूनमध्ये पाणी ओतत राहतात, आणि तेवढ्या साऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते ती मुख्यतः या दोन खिंडींतून. दक्षिणेकडे काही दिवस समुद्र खवळलेला असेल, तर वेळापत्रकाप्रमाणे प्रवाह आत वळायला हवा त्या वेळीही पाणी बाहेरच धावत असते. म्हणून भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याचा आधार घ्यावा, पण निर्णय खिंडीच्या तोंडाकडे पाहूनच करावा.

तिथे आता पांढऱ्या फेसाचा पट्टा दिसतो आहे. बाहेर येणारा प्रवाह समुद्राच्या लाटांना सामोरा जातो, तेव्हा लाटा आखूड होतात, उभ्या राहतात आणि जागच्या जागी फुटतात. त्यांत डॉल्फिन मजेत उड्या मारत आहेत. पण बोटीचे इंजिन जेमतेम सहा नॉटचे असेल, तर तिने तिथे घुसणे म्हणजे जागेवरच धावणे होय.

तासाभराने फेस विरतो. बाहेर येणारा प्रवाह दोनेक नॉट उरला आहे, आणि अनेक नावाडी हीच वेळ पसंत करतात, कारण पाण्यातून पाच नॉटने चालणारी बोट जमिनीच्या हिशेबाने तीन नॉटनेच पुढे सरकते, तर सुकाण्याला मात्र पाच नॉटची पकड मिळते. प्रवाहाबरोबर आत वाहत गेल्यास नेमके उलटे घडते, आणि चूक सुधारायला वेळ उरत नाही.

शिडे उतरवली आहेत, इंजिन चालू आहे आणि नांगर सोडण्याच्या तयारीत ठेवला आहे. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक जण काळा चष्मा लावून उभा आहे. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवे उथळ, आणि तपकिरी डाग दिसला की तिथे प्रवाळ आहे असे समजून तो हाताने दिशा दाखवतो. दुपारचा सूर्य वर्षाचा बराच काळ उत्तरेला, म्हणजे आत शिरणाऱ्याच्या पाठीशी असतो, त्यामुळे हे रंग स्पष्ट वाचता येतात; ढग आला की तेच पाणी करड्या पत्र्यासारखे दिसू लागते.

दोन्ही बाजूंचे फेसाळ कडे मागे पडते आणि भोवऱ्यांनी डाव्या-उजव्या ओढलेली बोट पुन्हा सरळ चालू लागते. लगूनमध्येही प्रवाळाचे सुळके आहेतच, म्हणून नाळेवरचा माणूस जागा सोडत नाही. वाळूचा पांढरा पट्टा सापडल्यावर तो हात वर करतो, आणि साखळी खडखडत खाली जाते.