शंभराची सरासरी

(दृश्य : जळगाव, डिसेंबरातली पहाट. महामार्गावर ट्रकांचे दिवे, मागे लोंबकळणारी धूळ.)

जळगावकराला मे महिन्याचं तापमान तोंडपाठ असतं. पंचेचाळीस की सेहेचाळीस, यावर टपरीवर वाद रंगतात. हवेतल्या धुळीचा आकडा मात्र कुणी विचारत नाही. २०१९मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जळगावचंही नाव होतं.

(दृश्य : गच्चीवरचं यंत्र. चिमट्याने उचललेला धुळीचा कागद.)

हाताने चालवायच्या केंद्रावर मोजणी साधी असते. कोऱ्या कागदाचं वजन करायचं, तो यंत्रात लावून आठ तास हवा ओढायची, पुन्हा वजन करायचं. दिवसाला तीन कागद, आठवड्यातून दोन दिवस. वर्षाच्या १०४ नोंदी. उरलेल्या २६१ दिवसांची हवा आपण घेतली, कागदाने नाही.

आता थोडं गणित. आकडे खरे नाहीत, समजुतीपुरते आहेत. पीएम १०चे, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचे सात दिवस धरा (एका घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम) : ६०, ६५, ७०, ७५, ८०, ९० आणि लक्ष्मीपूजनाचे २६०. सरासरी बरोबर १००, म्हणजे २४ तासांसाठी आखलेली आपल्याकडची मर्यादा. पण सातांपैकी सहा दिवस शंभराच्या आतच होते! मधला आकडा ७५. एकट्या दिवसाने आठवड्याला ओढून नेलं.

प्रदूषणाचे आकडे बहुतेक असेच वागतात. पुष्कळ दिवस खाली घोटाळतात, मोजके दिवस उंच उडी मारतात. आलेख काढला तर घंटेसारखा, दोन्ही बाजूंना सारखा आकार त्यांना बसत नाही, उजवीकडे लांब शेपूट निघतं.

कारण हवेत बेरीज चालत नाही, गुणाकार चालतो. वारा निम्मा झाला की तेवढ्याच हवेत दुप्पट धूळ साठते. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. ते निम्म्या उंचीवर आलं की तीच दुप्पट धूळ चौपट. शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं जळत असोत की दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी चालू असो, झाकणाला फरक पडत नाही. (वांग्याच्या भरितासाठी चार काड्या पेटवणाऱ्यांनी लगेच मनाला लावून घेऊ नये.)

गुणाकाराची बेरीज करायची असेल तर लॉगरिदम घ्यायचा. आकड्यांऐवजी त्यांचे लॉग मांडले की शेपूट आखडतं आणि घंटा पुष्कळशी जमते. अमेरिकेत राल्फ लार्सन यांनी १९७१मध्ये याच पायावर प्रारूप मांडलं. आपल्या सात दिवसांची लॉगवरून काढलेली, म्हणजे भूमितीय सरासरी सुमारे ८७ येते. तिच्या जोडीला आकड्यांचा पसारा कळला, की १०४ नोंदींवरून वर्षातले किती दिवस शंभराच्या वर गेले असतील, याचा अंदाज बांधता येतो.

फक्त एक अडचण उरते. हे गणित प्रत्येक दिवस सुटा धरतं, फाशाच्या दानासारखा. हवा तशी नसते. आज कोंडलेली धूळ उद्या सकाळी तिथेच असते. म्हणून चांगल्या प्रारूपात कालचा आकडाही घालावा लागतो.

(दृश्य : नोंदवही. सोमवार, गुरुवार, सोमवार.)

नियम सांगतो, वर्षात दोन टक्के वेळा मर्यादा ओलांडली तर चालेल, पण मोजणीच्या लागोपाठ दोन दिवशी नको. या वहीत सोमवारच्या लागोपाठ गुरुवार येतो. मंगळवार, बुधवारची पानंच नाहीत.