डीलिया पणजीचं वय

नमस्कार मंडळी! आयर्लंडमधले पूर्वज शोधायचे तर आधी एक रडगाणं ऐकावंच लागतं. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं आणि 1821 ते 1851 च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या गेल्या. 1861 ते 91 च्या तर सरकारनं त्याआधीच स्वतः नष्ट केलेल्या, म्हणजे आगीला उगाच सगळा दोष नको. पण कॅथलिक चर्चची रजिस्टरं गावोगावच्या पॅरिशमध्येच, म्हणजे स्थानिक चर्चमध्येच, होती म्हणून वाचली, आणि 2015 पासून त्यांचे फोटो नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट बघता येतात. फुकट हं! लोक आधी डीएनए टेस्टला पैसे घालतात आणि मग कुठल्यातरी सातव्या चुलतभावाच्या मेसेजची वाट बघत बसतात, मला ते कधी पटलेलंच नाही.

तर माझ्या शेजारच्या आजी, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना त्यांची पणजी हवी होती. डीलिया, गाव पश्चिमेकडच्या मेयो जिल्ह्यातलं, शेवट डब्लिनमध्ये, बस्स एवढंच माहीत. म्हणलं चला, बसू. किचन टेबलावर लॅपटॉप, शेजारी चहा, इथे आयर्लंडमध्ये चहा आपल्यासारखाच कडक असतो बरं का, त्या बाबतीत इंग्रजांपेक्षा हे लोक शहाणे. रजिस्टरची पानं म्हणजे शाई पसरलेली, अक्षर मुंगी चालल्यासारखं आणि सगळं लॅटिनमध्ये. दोन संध्याकाळी गेल्या, डीलिया नाही म्हणजे नाहीच. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाल्या, अरे, डीलिया हे ब्रिजिटचं लाडाचं नाव असतं की! आणि ब्रिजिट लॅटिनमध्ये होते ब्रिगिडा. झालं, पंधरा मिनिटांत सापडली. 1849 चा बाप्तिस्मा, आईबापाची नावं बरोबर, वाडीही तीच, वर स्पॉन्सर, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाचा धर्मपिता, म्हणून आईचा भाऊ. म्हणून सांगते, नावाला चिकटू नका. वाडी धरा, स्पॉन्सर धरा, नावाला चिकटू नका.

मग बघितल्या 1901 आणि 1911 च्या शिरगणत्या, त्या शाबूत आहेत आणि घराघराच्या फॉर्मचे फोटो मिळतात. 1901 ला डीलियाबाई 50. दहा वर्षांनी 71! मी म्हणलं मीच चुकले, पुन्हा बघितलं, 71 च. आजी हसून हसून बेजार. कारण 1909 पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, आणि जन्मनोंदणी 1864 ला सुरू झाली, म्हणजे हिचा दाखला असणारच कुठून! अशी दहा वर्षांत वीस वर्षं म्हातारी झालेली माणसं त्या फॉर्मांवर ढिगानं आहेत. तेव्हा वयावरही विश्वास नको. नावावर नको, वयावर नको.

दफनाचं मात्र वेगळं गणित. कॅथलिक पॅरिशमध्ये बाप्तिस्मे आणि लग्नं नीट लिहायचे, दफन बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नाही. काही जुनी दफनं तर चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चच्या, रजिस्टरमध्ये मिळतात, कॅथलिकांचीसुद्धा, कारण स्मशानभूमी त्यांच्या ताब्यात होत्या. त्यावरूनच तर कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल यानं लढून 1832 ला डब्लिनमधलं ग्लासनेविन हे दफनस्थान सुरू केलं, कुठल्याही धर्माच्या माणसाला पुरायला. तिथली रजिस्टरं अगदी पहिल्यापासूनची आहेत. तिथे डीलिया मिळाली. 1919, वय 79.

खरं वय सत्तर! बाईनं तो आकडा थडग्यापर्यंत नेला.

प्लॉट नंबर घेऊन आम्ही दोघी गेलो. दगड नाही, नुसतं गवत, आजूबाजूला मोठमोठे सेल्टिक क्रॉस. आजी बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ऑफिसात खरं वय सांगू नकोस हं, ते पाच शिलिंग परत मागतील.