एका डेटाबेसवर किती दिवस?

स्टार्टअप जरा वाढायला लागलं की इंजिनीअर मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता शार्डिंग करावं लागणार." म्हणजे डेटाबेसचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मशीनवर ठेवावे लागणार. बहुतेक वेळा ते खरं नसतं, निदान त्या दिवशी तरी नसतं. म्हणून शार्डिंगच्या आधी काय काय करता येतं ते भराभर बघू आणि उरलेला वेळ शार्डिंगला देऊ. खरा मनस्ताप तिथेच आहे.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीचा, निबंध लिहिला. त्याच्या पहिल्याच वाक्याचा आशय असा, की यंत्राच्या आत माहिती कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडता कामा नये. तुम्ही काय हवं ते सांगा, कुठून आणायचं ते डेटाबेस बघेल. आज मी ज्या ज्या उपायांबद्दल बोलणार आहे, त्यातल्या बऱ्याचशांत ही सोय आपण थोडी थोडी परत करत जातो. माझं म्हणणं एवढंच, की ती शक्य तितकी उशिरा आणि शक्य तितकी कमी परत करावी.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चालू क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, नीट वाचणं. एका ग्राहकाच्या शेवटच्या २० ऑर्डरी दाखवायच्या आहेत. ग्राहकाच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागे असते तशी सूची) आहे, तारखेवर वेगळा आहे, आणि तरीही पान रडतखडत उघडतं. दोन्ही कॉलम मिळून, याच क्रमाने, एक इंडेक्स केला की डेटाबेस थेट त्या ग्राहकापाशी पोचतो, शेवटच्या २० नोंदी उचलतो आणि थांबतो, वेगळं सॉर्टिंग करावंच लागत नाही. ऑफसेटचंही तसंच. 'पहिल्या १ लाख रो (नोंदी) सोडून पुढच्या २० द्या' म्हटलं की डेटाबेस त्या १ लाख रो खरोखर वाचतो आणि फेकून देतो. त्याऐवजी मागच्या पानावरचा शेवटचा आयडी द्या आणि त्याच्या पुढच्या २० मागा. या दोन दुरुस्त्यांनी कित्येकांचं शार्डिंग वर्षभर पुढे गेलेलं असतं.

मोठं मशीन घेणं हा उपाय लोकांना कमीपणाचा वाटतो, का कोण जाणे. मेमरी वाढवली आणि रोजच्या वापरातला डेटा तिच्यात मावला, तर एक ओळही न बदलता काम होतं. कनेक्शनचं मात्र बघावं लागतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी राहते. ॲप सर्व्हर २० आणि प्रत्येकाचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) २५ चा, म्हणजे ५०० प्रोसेस, आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या बसून. मध्ये मोजकीच कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारा पीजीबाउन्सरसारखा पूलर टाकला की प्रश्न मिटतो.

यानंतर रेप्लिका, म्हणजे डेटाबेसच्या प्रती. सगळ्या राईट (लिहिणं) प्रायमरीवर, म्हणजे मूळ डेटाबेसवर, आणि रीड (वाचणं) तिच्या प्रतींवर. इथे पहिल्यांदा किंमत मोजावी लागते, कारण प्रत थोडी मागे असते. कुणीतरी आपला फोटो बदलतो, सेव्ह म्हणतो. राईट प्रायमरीवर गेली, पुढचं पान रेप्लिकावरून आलं, आणि पानावर जुनाच फोटो. माणूस पुन्हा अपलोड करतो, मग तक्रार करतो. डेटाबेसच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही! उपाय दोन. ज्याने नुकतंच काही लिहिलं त्याच्या रीड काही सेकंद प्रायमरीकडेच पाठवायच्या, किंवा त्याची राईट लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) कुठवर पोचली ती जागा लक्षात ठेवायची आणि रेप्लिका तिथवर आली आहे का ते बघूनच तिच्याकडून वाचायचं. दोन्हींत कुठली प्रत ताजी आहे याची काळजी आता आपल्या कोडला वाहावी लागते. कॅशेतही, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवतो तिथेही, हेच होतं, फक्त जास्त बेशिस्तपणे.

प्रायमरी पडली तर रेप्लिकाला बढती देता येते, हा रेप्लिकाचा दुसरा फायदा. तोही फुकट नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या (लोकांचा कोड साठवणारी साइट) अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने मायएसक्यूएल या डेटाबेसची प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर हलवली. पूर्वेकडे मात्र काही राईट अशा होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या राईट सुरू झाल्या होत्या. आता मागेही फिरता येईना. त्यांनी साइट चटकन सुरळीत करण्यापेक्षा डेटा सांभाळणं पसंत केलं. ४३ सेकंदांच्या त्या खंडानंतर सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे.

आता मुद्द्याचं. रीडच्या कितीही प्रती काढता येतात, पण प्रत्येक राईट प्रत्येक प्रतीला करावीच लागते. म्हणून राईट वाढल्या की रेप्लिका वाढवून काही साधत नाही. आधी टेबलंच वेगवेगळ्या मशीनवर हलवून बघावं, मेसेज एकीकडे, पेमेंट दुसरीकडे. एकच टेबल एका मशीनला जड झालं, की मग ते रोच्या हिशेबाने कापायचं. हेच शार्डिंग, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे शार्ड.

कापायचं कशावरून? या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण हे उत्तर नंतर बदलणं फार महाग पडतं. जे एकत्र वाचलं जातं ते एकत्र राहिलं पाहिजे. नोट्स आणि कागदपत्रांचं ॲप असलेल्या नोशनने २०२१ मध्ये आपल्या पोस्टग्रेसच्या शार्डिंगची हकीकत मांडली. त्यांनी वर्कस्पेसच्या (एका टीमच्या सामाईक जागेच्या) आयडीवरून कापलं, कारण माणूस एका वेळी एकाच वर्कस्पेसमध्ये काम करत असतो. म्हणजे बहुतेक क्वेरींना एकच शार्ड पुरतो, जॉईन (टेबलं जोडून वाचणं) आणि ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही नाही) जागच्या जागी चालतात. दोन शार्डांवर पसरलेली ट्रान्झॅक्शन, सगळ्या शार्डांत मिळून एकमेव असा ईमेल, साधी मोजणी, हे सगळं ज्या दिवशी कापलं त्या दिवसापासून तुमच्या गळ्यात पडलं.

त्यांनी शार्ड केले ४८०, मशीन घेतल्या ३२. प्रत्येकीवर १५. हा ४८० आकडा नीट बघा. कॉम्प्युटरवाल्याच्या हाताला आधी ५१२ येतो, पण ५१२ शार्ड समान वाटायचे तर ३२ वरून थेट ६४ मशीनवर जावं लागतं, मधलं काही नाही. ४८० ला मात्र ४० ने, ४८ ने, ६० नेही भाग जातो. पुढे २०२३ मध्ये ते ९६ मशीनवर गेले, प्रत्येकीवर ५. शार्ड तेच राहिले, फक्त जागा बदलली. कापायचे तुकडे जास्त आणि मशीन कमी ठेवायच्या, यामागचं कारण हेच.

कापल्यावर डेटाबेस प्रत्येक नव्या रोला देतो तो आपोआप वाढणारा क्रमांकही जातो, कारण प्रत्येक शार्ड १ पासून मोजू लागेल. इन्स्टाग्रामने ६४ बिटांचा आयडी असा रचला: ४१ बिट वेळेला, १३ बिट शार्डला, १० बिट क्रमांकाला. म्हणजे ८,१९२ शार्डांपर्यंत जागा, आणि एका शार्डमध्ये एका मिलिसेकंदाला १,०२४ आयडी. आयडी बघितला की रो कुठे आहे ते कळतं, आणि आयडीनुसार लावलं की वेळेनुसार लागतं. बिटांवरून आठवलं, शार्डिंग करा वा न करा, ३२ बिटांचे आयडी आजच शोधून काढा. ते २,१४,७४,८३,६४७ ला संपतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या टीमचं काम सांभाळणाऱ्या ॲपचा असा एक कॉलम भरला आणि कित्येक तास लोकांना फक्त वाचता येत होतं, काही लिहिता येत नव्हतं.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, की आता हे सगळं आपोआप करणारे डेटाबेस आहेत, मग पहिल्या दिवसापासून तेच का घेऊ नयेत? आहेत खरे. यूट्यूबमध्ये मायएसक्यूएलसाठी तयार झालेलं विटेस आज कुणालाही वापरता येतं. गूगलने आपल्या स्पॅनर या डेटाबेसचा निबंध २०१२ मध्ये काढला, त्यानंतर कॉक्रोचडीबी आणि टायडीबी आले. घ्यायला हरकत नाही. पण ५ माणसांच्या कंपनीच्या डेटाबेसला जिथे एक मशीन पुरते, तिथे प्रत्येक कमिटला (राईट पक्की करताना) अनेक मशीनची सहमती कशासाठी घ्यायची? आणि 'की', म्हणजे ज्यावरून रो ओळखायची आणि कापायची तो कॉलम, निवडण्यातून सुटका तिथेही नाही. स्पॅनर कीच्या क्रमानेच डेटा वाटतो. प्रायमरी की सतत वाढणारी ठेवली तर नवी प्रत्येक रो शेवटच्या तुकड्यात पडते, सगळ्या राईट एकाच मशीनवर येतात आणि बाकीच्या रिकाम्या बसतात. त्यांच्या कागदपत्रांतच अशी 'की' टाळा असं सांगितलं आहे.